जुंग-गन, बत्तीस हालचाली आणि ठाण्याचा तुरुंग

मंडळी, गेले दोन शनिवार इथे काहीच लिहिलं नाही. हापिसात रिलीज होतं आणि रिलीज म्हटलं की माझं काय होतं ते इथल्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. हा वीकांत मात्र मोकळा मिळालाय आणि डोक्यात पंधरा दिवस एकच विषय घोळतोय. तेव्हा आज जरा लांबण लागणार. चहा घेऊनच बसा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी रविवारी सकाळी आरे कॉलनीत तायक्वांदो करायला जातो. शाळेत असताना निळ्या पट्ट्यापर्यंत पोचलो होतो. मग दहावी, मग बारावी, मग इंजिनीअरिंग, मग नोकरी. पट्टा आईने कपाटात घडी करून ठेवला तो ठेवलाच. सत्ताविसाव्या वर्षी खुर्चीत बसून बसून कंबर धरली, तेव्हा जुन्या सरांना फोन केला. सर म्हणाले, "ये, पण पोरांच्या मागच्या रांगेत उभा राहावं लागेल." राहिलो. आता दीड वर्षाने परिस्थिती अशी की अर्धा तास मी शिकतो आणि उरलेला तासभर सरांच्या हाताखाली लहान मुलांना शिकवतो.

गोरेगाव पूर्वेकडून आरेत शिरलं की पाच मिनिटांत मुंबई मागे पडते. आधी झाडं, मग शेणाचा वास, मग रस्त्याच्या मधोमध उभी राहून आपल्याकडे 'तुझं काय काम इथे' अशा नजरेने बघणारी म्हैस. १९४९ साली शहरातले तबेले बाहेर हलवायचे म्हणून ही कॉलनी वसवली, त्या तबेल्यांची ३२ युनिटं आहेत. (हा ३२ आकडा लक्षात ठेवा. त्याचा पुढच्या विषयाशी काडीचाही संबंध नाही, पण मला उगीच गंमत वाटते.) आमचा क्लास एका पत्र्याच्या शेडखाली चालतो. मुलं दोन्हीकडची आहेत. निम्मी बाहेरच्या टॉवरमधून आईबाबांच्या गाडीतून येतात, निम्मी आतल्या पाड्यांवरून चालत. थंडीत अंधार असला तर पाड्यावरची मुलं घोळक्याने आणि मोठ्याने बोलत येतात. कारण बिबट्या.

आता मुद्द्याकडे.

आम्ही जे तायक्वांदो शिकतो त्यात 'पॅटर्न' असतात. कोरियन भाषेत 'तुल'. काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी ठरावीक क्रमाने केलेल्या ठोसे, लाथा आणि अडवणुकींची मालिका. असे एकूण २४ पॅटर्न, दिवसाच्या २४ तासांवरून. प्रत्येकाला एक नाव आणि बहुतेक नावं कोरियाच्या इतिहासातली. दान-गुन हा त्यांचा पुराणातला संस्थापक. युल-गोक आणि तोई-ग्ये हे सोळाव्या शतकातले तत्त्वज्ञ. चूंग-मू म्हणजे नौसेनापती यी सुन-शिन, ज्याने १५९२ नंतरच्या युद्धात जपानी आरमाराला पाणी पाजलं. सांगायची गोष्ट अशी की हालचालींच्या संख्येतसुद्धा अर्थ भरलेला असतो. साम-इलमध्ये ३३ हालचाली, कारण १ मार्च १९१९ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ३३ जणांच्या सह्या होत्या. युल-गोकच्या ३८, कारण त्याचा जन्म ३८ अक्षांशावर. (गँगन्युंग शहर नकाशावर बघा, ३७.७ च्या आसपास निघेल. राउंड-ऑफ केलंय, चालतंय.) हवा-रांगच्या २९, कारण जनरल चोई हाँग-ही ज्या २९व्या पायदळ डिव्हिजनमध्ये होते तिथे तायक्वांदो घडलं.

परीक्षेत हालचाली कराव्या लागतातच, पण आधी पॅटर्नचा अर्थ घडाघडा म्हणून दाखवावा लागतो. इंग्रजीत. एका दमात. आमच्याकडची मुलं तो पाढ्यासारखा म्हणतात आणि 'पेट्रियट' हा शब्द 'पेट्रोल'च्या चालीवर म्हणतात.

निळ्या पट्ट्याचा पॅटर्न आहे जुंग-गन. ऐकताक्षणी दरवर्षी एकतरी मुलगा विचारतोच, "दादा, गन म्हणजे बंदूक?" नाही रे बाबा, ते नाव आहे. आन जुंग-गन. पण योगायोग असा की गोष्टीत बंदूक आहेच. अर्थ थोडक्यात असा: हा देशभक्त आन जुंग-गन याच्या नावाचा पॅटर्न, ज्याने कोरियाचा पहिला जपानी गव्हर्नर-जनरल इतो हिरोबुमी याची हत्या केली, जो कोरिया-जपान विलीनीकरणाचा सूत्रधार मानला जातो. ३२ हालचाली, कारण १९१० मध्ये ल्युशुनच्या तुरुंगात फाशी गेला तेव्हा आन ३२ वर्षांचा होता.

हे वाक्य मी तेराव्या वर्षी पाठ केलं होतं. माझ्या हाताची कड दोन अंशाने चुकली तर सरांनी मला वीस जोर काढायला लावले होते. पण इतो कोण, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला नाही.

पंधरा दिवसांपूर्वी एक बाबा क्लास संपल्यावर थांबले. भले माणूस आहेत, आवाज वगैरे चढवला नाही. म्हणाले, "सर, मुलगी घरी पाठ म्हणत होती. असॅसिनेटेड, एक्झिक्यूटेड... अकरा वर्षांची आहे ती. खुनाच्या गोष्टी आपण शिस्त म्हणून शिकवायच्या का?" सरांनी ऐकून घेतलं. पुढच्या रविवारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "जुंग-गनचा अर्थ लहान करू या. 'कोरियन देशभक्त, ३२ हालचाली, त्याचं वय.' बस. बाकी पोरांना काय करायचंय?"

मला हे पटलेलं नाही. सरांशी वाद घालायची आपली प्राज्ञा नाही, त्यामुळे मी मान डोलावली आणि घरी येऊन पंधरा दिवस वाचत बसलो. हा लेख म्हणजे तो न घातलेला वाद समजा.

आधी आकड्याचं बघू, कारण सवय जात नाही. आन जुंग-गनचा जन्म २ सप्टेंबर १८७९ चा. फाशी २६ मार्च १९१०. करा वजाबाकी. तीस पूर्ण, एकतिसावं चालू. मग ३२ कुठून आले? च्यायला, मी आधी चक्क टायपो समजलो. पण नाही. कोरियात जन्मलेलं मूल जन्मतःच एक वर्षाचं धरायचे आणि नव्या वर्षाला सगळ्यांचं वय एकाने वाढायचं. १८७९ मध्ये एक, १८८० मध्ये दोन, असं करत १९१० मध्ये ३२. बरोब्बर. म्हणजे बग नाहीच, काउंटर एकापासून सुरू होतो एवढंच. ही पद्धत सरकारी कामातून २०२३ च्या जूनमध्ये कायद्याने बंद झाली. पण पॅटर्नमधल्या दोन हालचाली काही कुणी कमी करणार नाही.

दुसरी गोष्ट मात्र खरंच चुकीची आहे. इतो गव्हर्नर-जनरल नव्हता. तो होता रेसिडेंट-जनरल. १९०५ च्या करारानंतर कोरिया जपानचं संरक्षित राज्य झालं तेव्हाचा पहिला रेसिडेंट, आणि जून १९०९ मध्ये तो त्या जागेवरून पायउतारही झाला होता. गव्हर्नर-जनरल हे पद आलं ते १९१० मध्ये कोरिया गिळंकृत केल्यावर. फरक शाब्दिक वाटेल, पण थांबा, त्यावरच सगळं अडलंय.

२६ ऑक्टोबर १९०९. मांचुरियातलं हार्बिन स्टेशन. इतो रशियाच्या अर्थमंत्र्याला भेटायला आला होता. फलाटावर आन जुंग-गनने ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या, रशियन भाषेत 'कोरियाचा विजय असो' अशी आरोळी दिली आणि पळायचा प्रयत्न न करता पकडला गेला. त्याच वर्षी त्याने आणि त्याच्या साथीदारांनी डाव्या हाताच्या अनामिकेचं टोक कापून शपथ घेतली होती. तुरुंगात त्याने लिहिलेल्या सुलेखनावर सहीच्या जागी त्या तुटक्या बोटाच्या पंजाचा ठसा असतो. खटल्यात त्याने इतोविरुद्ध १५ आरोप मोजून दाखवले आणि मी खुनी नाही, युद्धकैदी आहे असं म्हणाला. मरण्याआधी तो 'पूर्व आशियातील शांतता' या विषयावर एक निबंध लिहीत होता, तो अर्धाच राहिला. ज्या जपानी शिपायाचा त्याच्यावर पहारा होता त्या चिबा तोशिचीने त्याचं सुलेखन जन्मभर जपलं, आणि आज जपानमधल्या मियागी प्रांतातल्या एका बौद्ध देवळात आनचं स्मारक आहे. जपानमध्ये! तर दुसऱ्या बाजूला २०१४ मध्ये चीनने हार्बिन स्टेशनात त्याचं स्मारक उघडलं, तेव्हा जपानच्या मुख्य कॅबिनेट सचिवांनी त्याला दहशतवादी म्हटलं. तुमच्यापैकी जे कोरियन मालिकांवर रात्री जागवतात त्यांनी ह्युन बिनचा २०२४ चा 'हार्बिन' पाहिला असेल. तो हाच.

इतो मेला. मग कोरिया वाचला का? नाही. विलीनीकरणाला इतोने एप्रिल १९०९ मध्येच होकार दिला होता, जुलैमध्ये जपानी मंत्रिमंडळाचं ठरलंही होतं. ऑगस्ट १९१० मध्ये, आन फाशी गेल्यावर पाच महिन्यांनी, कोरिया नकाशावरून गेला तो १९४५ पर्यंत.

हे सगळं वाचताना मला सारखं काहीतरी टोचत होतं. १९०९... ब्राउनिंग... पकडला गेला... १९१० ला फाशी... हे मी आधी कुठेतरी वाचलंय. आणि मग ट्यूब पेटली. नाशिक!

२१ डिसेंबर १९०९. नाशिकचं विजयानंद थिएटर. कलेक्टर जॅक्सनची बदली झालेली, त्याच्या निरोपाखातर 'संगीत शारदा'चा प्रयोग. जॅक्सन आत शिरत असताना अनंत लक्ष्मण कान्हेरे या मुलाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. मुलगाच म्हणतो, कारण वय अठरा. मूळचा कोकणातला, खेड तालुक्याचा, औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) शिकत होता. पिस्तूल ब्राउनिंग. लंडनहून सावरकरांनी ट्रंकेच्या चोरकप्प्यातून वीस पिस्तुलं धाडली होती, त्यातलं. कारण बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल झालेली जन्मठेप. कान्हेरे तिथल्या तिथे पकडला गेला. १९ एप्रिल १९१० ला कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांच्यासोबत त्याला फाशी दिली.

कुठे? ठाण्याच्या तुरुंगात.

मी कॅलेंडर उघडून बसलो. हार्बिन ते नाशिक बरोब्बर आठ आठवडे, दोन्ही मंगळवार. दोन फाशांमध्ये चोवीस दिवस. दोघांनी एकमेकांचं नाव ऐकलेलं असण्याचा प्रश्नच नाही. त्या वर्षी हवेतच काहीतरी होतं बहुधा. जुलैमध्ये लंडनला मदनलाल धिंग्रानेही कर्झन वायलीला गोळ्या घातल्याच होत्या.

आणि शरमेची गोष्ट सांगू? आन जुंग-गनचं वय मला तेराव्या वर्षापासून तोंडपाठ आहे. कान्हेरेचं वय मला गेल्या आठवड्यात कळलं. माझं अर्धं आजोळ ठाण्यात. त्या तुरुंगाच्या भिंतीजवळून लहानपणी शंभरदा गेलोय.

मागच्या रविवारी क्लासनंतर बाईक काढली आणि जेव्हीएलआरवरून थेट ठाणं गाठलं. आमच्या शेडपासून तासाभराचं अंतर, तेही ट्रॅफिक धरून. तुरुंग म्हणजे जुना किल्ला, पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला. आत अर्थातच जाता येत नाही. बाहेर रिक्षा, दुचाक्या, दुपारचं ऊन. त्या तिघांचे देह नातेवाइकांना दिले नव्हते. तुरुंगवाल्यांनीच जाळले आणि राख ठाण्याजवळ समुद्रात टाकली. आनचंही तेच. त्याचा देह घरच्यांना मिळाला नाही आणि कोरिया आजही त्याच्या अस्थी शोधतोय. मी भिंतीकडे बघत पाच मिनिटं उभा राहिलो, मग एका पोलिसाने "काय पाहिजे?" विचारलं. म्हटलं, काही नाही. काय सांगणार?

आता तुम्ही म्हणाल, मग कान्हेरेच्या नावाचाही एक पॅटर्न काढा, व्हॉट्सॅपवर फॉरवर्ड करा, झालं. मलाही आधी तसंच वाटलं होतं. चांगलं दीड तास वाटलं होतं. मग जॅक्सनबद्दल वाचायला लागलो आणि घोळ झाला.

हा आर्थर जॅक्सन संस्कृतचा जाणकार होता. नाशिकमध्ये त्याला 'पंडित जॅक्सन' म्हणायचे. लोककथा, लोकसमजुती, गावोगावचे देव, चालीरीती यांची माहिती त्याने शाळामास्तरांकडून गोळा करवून घेतली होती. त्याच्या मृत्यूनंतर ते कागद एन्थोवेन नावाच्या अधिकाऱ्याने संपादून छापले. त्यातला एक खंड कोकणावर आहे. म्हणजे कान्हेरे ज्या मातीतला, तिथली भुतंखेतं आणि नवससायास लिहून ठेवणारा माणूस कान्हेरेच्याच गोळीने मेला. आणि तरीही बाबारावांचं प्रकरण पुढे चालवणारा कलेक्टर तोच. संस्कृत येत असल्यामुळे माणूस राज्यकर्ता राहत नाही असं थोडंच आहे! काहींचं म्हणणं असं की त्याचा गोडवा हीच त्याची धार होती. असेल. मला ते ठरवता येत नाही.

परिणामाचं म्हणाल तर तिथेही हार्बिनचीच कथा. जॅक्सन मेल्याने इंग्रज हलला नाही. उलट नाशिक कटाचा खटला उभा राहिला, पिस्तुलांचा माग लंडनपर्यंत गेला, सावरकरांना अटक झाली, पन्नास वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि अभिनव भारत संघटनेचं नाशकातलं जाळं मोडून पडलं.

कान्हेरेची आठवण आपण कशी ठेवली? नाशिकला हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे, तिथे रणजीचे सामने होतात. स्कोअरकार्डावर नाव येतं. वाईट नाही, पण स्कोअरकार्डावरच्या नावाला कुणी प्रश्न विचारत नाही.

आणि इथे मला त्या पॅटर्नवाल्या लोकांचं कौतुक वाटतं. मी जुंग-गन आजवर हजारभर वेळा तरी केला असेन. पाय जुळवून, मूठ तळव्याने झाकून बेंबीसमोर धरायची आणि सुरू. मधे दोन हालचाली अतिशय संथ आहेत, खाली बसका पवित्रा घेऊन तळवा दाबत न्यायचा, मांड्या थरथरतात. बत्तीस हालचालींत एकही पिस्तूल नाही. शेवटच्या दोन हालचाली तर निव्वळ अडवणुकीच्या आहेत, समोरून येणारी काठी दोन्ही हातांच्या खोबणीत धरायची, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. गोळी घालणाऱ्या माणसाचा पॅटर्न बचावाने संपतो. हे मुद्दाम केलं असेल का? मला तर आवडतं असं समजायला. ते काही असो, एका माणसाचं नाव शंभरेक देशांतल्या पोरांच्या मांड्यांमध्ये मुरवून ठेवणं ही साधी गोष्ट नाही. पुतळ्यावर कबुतर बसतं. पॅटर्नवर बसत नाही.

पण ह्याच पद्धतीत खोटही आहे. जनरल चोई स्वतः जपानमध्ये शिकायला असताना कराटे शिकले होते आणि तायक्वांदोच्या सुरुवातीच्या रचनेवर शोतोकानची छाप स्पष्ट दिसते. जपान्यांकडून घेतलेल्या हालचाली, त्यांना जपान्यांशी लढलेल्यांची नावं. (राग मानू नका, मला यात काही कमीपणा वाटत नाही. आपण क्रिकेटचं काय केलं?) नावांची यादीसुद्धा काही आकाशातून पडलेली नाही. चोई १९७२ मध्ये दक्षिण कोरिया सोडून कॅनडात गेले, पुढे उत्तर कोरियाशी जवळीक झाली, आणि ऐंशीच्या दशकात 'को-दांग' नावाचा एक पॅटर्न काढून तिथे 'जुचे' आला. जुचे म्हणजे उत्तर कोरियाच्या सत्तेची अधिकृत विचारधारा. आणि को-दांग म्हणजे चो मान-शिक, उत्तरेत राहून कम्युनिस्टांना नकार देणारा नेता, ज्याला नजरकैदेत टाकलं आणि जो पुन्हा कधी दिसला नाही. एकदा माणूस गायब, मग पॅटर्न गायब. रिलीज नोट्समध्ये एक ओळ नाही.

म्हणून मला त्या बाबांच्या मागणीची भीती वाटते. त्यांचा हेतू चांगला आहे, शंकाच नाही. अकरा वर्षांच्या पोरीने 'असॅसिनेटेड' हा शब्द पोपटासारखा म्हणणं वाईटच आहे, इथवर मी त्यांच्या बाजूने आहे. पण त्यावर उपाय म्हणून हत्या गाळायची आणि 'देशभक्त' तेवढा ठेवायचा, म्हणजे तर आणखीच गोत्यात. आता मुलीला इतकंच माहीत असेल की एक देशभक्त होता, तो मेला, वय ३२. का मेला, कुणाला मारून मेला, काही नाही. काट्याशिवाय देशभक्ती गिळायला फार सोपी जाते. उद्या कुणीतरी तिला दुसऱ्या कुठल्या तरी बंदूकवाल्याच्या फोटोखाली 'देशभक्त' लिहून दाखवेल, तेव्हा तिच्याकडे विचारायला प्रश्नच नसेल. वाक्य काढायचं नाही हो, वाढवायचं. इतो मेल्यावर काय झालं तेही सांगायचं. जपानी शिपायाचं सांगायचं. मधेच कान्हेरेचं सांगायचं, आणि कान्हेरेचं सांगितलं की जॅक्सनचंही सांगायचं. तुम्ही बरोबर की चूक, हे मुलांवर सोडायचं.

'एवढं मुलांना झेपेल का?' ह्या प्रश्नाला माझं उत्तर आरेतच आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये कारशेडसाठी रातोरात झाडं तोडली, दोन हजारांहून जास्त, तेव्हा विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली होती. आमच्या क्लासमधली मोठी पोरं तेव्हा चार-पाच वर्षांची होती, आणि त्यांच्या घरात हा विषय अजून निघतो. कायदा कुणाच्या बाजूने होता, बरोबर कोण होतं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नाही. आणि कायदा हातात घेतला म्हणजे आपोआप बरोबर ठरत नाही, हेही त्यांना कळतं. आपल्याला वाटतं त्याहून जास्त कळतं.

तर काल सरांना धीर करून हे सगळं बोलून टाकलं. फोनवर, कारण समोर जमलं नसतं. सर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "तुझ्या त्या कान्हेरेचं मला माहीत नव्हतं." मग म्हणाले, "लिहून आण. मराठीत. एका पानाच्या वर गेलास तर फाडून टाकीन. आणि त्यांच्या वडिलांशी तू बोलायचंस, मी नाही."

आज सकाळी पान घेऊन गेलो. वडील आले नव्हते, ते पुढच्या रविवारी. मुलगी होती. तिने पान तिथेच शेडखाली मांडी घालून वाचलं, दोनदा. पहिला प्रश्न: "दादा, इतोला मारून काहीच झालं नाही ना?" म्हटलं, "कोरिया तर नाही वाचला." "मग पॅटर्न का केला त्याचा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हटलं, "तुला काय वाटतं ते परीक्षेत सरांना सांग." तिला ते उत्तर अजिबात आवडलं नाही, चेहऱ्यावर दिसलंच.

मग बोटं मोजत म्हणाली, "कान्हेरेचा पॅटर्न असता तर अठरा स्टेप्सचा?"

"हो. कोरियन पद्धतीने मोजलं तर एकोणीस."

"म्हणजे चॉन-जीएवढा."

चॉन-जी म्हणजे आमचा पहिला पॅटर्न. पांढऱ्या पट्ट्यावाल्यांना शिकवतात तो. १९ हालचाली.

तेवढ्यात सरांनी शिट्टी मारली आणि ती पान माझ्या हातात कोंबून रांगेत पळाली. पान चुरगळलंय, पुढच्या रविवारपर्यंत परत टाइप करून प्रिंट काढायला हवं. तिच्या बाबांशी काय बोललो ते जमलं तर पुढच्या शनिवारी लिहीन.